कोंबडीचे पाय नव्हे, पॉटपाय: ट्रायल १ ते ७

रविवार, १५ डिसेंबर २०२४

फाउंड्रीत पस्तीस वर्षं काढली की एक खोड लागते. नवं काम आलं की वही काढायची, तारीख टाकायची आणि ट्रायल नंबर द्यायचा. ही वही त्याच खोडीतली. काम मात्र उद्यमबागेतल्या कारखान्यातलं नाही, तिलकवाडीतल्या आमच्या स्वयंपाकघरातलं.

लेक दोन वर्षं पेनसिल्व्हेनियात होती. तिथल्या थंडीत संध्याकाळी घरी आली की फ्रीजरमधला चिकन पॉटपाय ओव्हनमध्ये ढकलायचा आणि तासाभरानं चमच्यानं त्याचं झाकण फोडायचं, हा तिचा नेम. आता बंगळूरला असते. परवा फोनवर म्हणाली, "पप्पा, बेळगावात सगळं मिळतं बघा, पॉटपाय तेवढा मिळत नाही." २५ जानेवारीला ती आणि जावई राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं येणार. दुसऱ्या दिवशी रविवार. म्हणजे हातात सहा आठवडे.

हिला सांगितलं तर म्हणाली, "पाय? कोंबडीचे? ते तर चिकनवाला फुकट देतो की!"

वस्तू अशी आहे. खोलगट भांडं, आत मैदा-लोण्याचं अस्तर, अस्तरात कोंबडी, गाजर, मटार, बटाटा घातलेला दाट पांढरा रस्सा, वर त्याच मैद्याचं झाकण, आणि हे सगळं एकत्र भाजायचं. काही लोक खालचं अस्तर घालत नाहीत, नुसतं झाकण ठेवतात. लेकीला दोन्ही पाहिजे. गंमत म्हणजे पेनसिल्व्हेनियातल्या जुन्या जर्मन घरांत 'पॉटपाय' म्हणतात तो वेगळाच. त्याला झाकणच नसतं. रश्श्यात कणकेचे चौकोनी तुकडे सोडून शिजवतात. म्हणजे चकोल्याच, फक्त तुरीच्या वरणाऐवजी कोंबडीचा रस्सा. ते करायचं असतं तर आज रात्रीच करून मोकळा झालो असतो.

वहीत ओतकामाच्या साच्यासारखा आडवा छेद काढला. खालची पेटी, वरची पेटी, मध्ये कोअर, म्हणजे आतली पोकळी राखणारा गाभा. चित्र बघून जरा धीर आला. असल्या कामात आपण अगदीच नवखे नाही.

एक अडचण आहे. मार्गशीर्ष चालू आहे. ३० तारखेच्या अमावास्येपर्यंत घरात मांस नाही, अंडंही नाही. तोवर नुसत्या पारीच्या ट्रायल.

रविवार, २२ डिसेंबर

ट्रायल १. मैदा ४०० ग्रॅम, लोणी २७०, पाणी १३०. तिनास दोनास एक, वजनानं. हे प्रमाण लेकीनं पाठवलं आणि पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं चुकून लिहिलंय. २७० ग्रॅम लोणी! हिनं डबा उचलून कपाटात ठेवला होता, तो परत मागून घेतला.

मी केलं काय, तर लोणी वितळवलं, मैद्यात ओतलं आणि पोळीच्या कणकेसारखं दहा मिनिटं मळलं. गोळा दिसायला झकास, तुकतुकीत. लाटताना रबरासारखा मागं यायचा. स्टीलच्या डब्यात अस्तर लावलं, आत बटाटा-मटारची सुकी भाजी भरली, १३० मिलिमीटरचं झाकण ठेवलं.

निघालं तेव्हा झाकण ११२ मिलिमीटरचं. काठ सोडून आत गेलेलं. चौदा टक्के आकसलं! बीड थंड होताना एक टक्का आकसतं, म्हणून आम्ही पॅटर्न, म्हणजे साचा पाडायचा नमुना, एक टक्का मोठा करतो. चौदा टक्क्यांना कुठला पॅटर्न पुरणार? आणि दाताला लागतं तर लग्नातल्या रुखवताच्या करंजीसारखं. हिनं एक तुकडा मोडायचा प्रयत्न केला आणि मुकाट्यानं खलबत्ता पुढं सरकवला.

दुसरा शोध ओव्हनचा. कारखान्यातून थर्मोकपल (तापमान मोजायची तार) आणला होता, तो आत सोडला. डायलवर २००, आत १७२. घेतल्यापासून सहा वर्षं हा ओव्हन आमच्याशी खोटं बोलतोय आणि दर वेळी केक कच्चा राहिला की दोष हिच्या हाताला. हे मी तिला सांगितलं. (सांगायला नको होतं. आता मागचे सगळे केक निघणार.) डायलवर स्केचपेननं नव्या खुणा केल्या.

मंगळवार, २४ डिसेंबर

कॅम्पात गेलो. नाताळची गर्दी, बेकऱ्यांसमोर केकसाठी रांगा. शहरभर रोषणाई आहे ती मात्र नाताळची नाही. गांधीजी अध्यक्ष होते ते १९२४ चं काँग्रेस अधिवेशन इथं तिलकवाडीत भरलं त्याला परवा शंभर वर्षं होतात. गाडी लावायला जागा नाही, पण काँग्रेस विहिरीकडचा दिव्यांचा उजेड बघून घेतला.

एका जुन्या बेकरीत खारी करणारा माणूस ओळखीचा आहे. हातातलं काम न सोडता त्यानं माझं ऐकून घेतलं आणि दोनच वाक्यं बोलला. "मैद्याला पाणी लागलं की तो जागा होतो, त्याला जास्त जागं करू नका. आणि लोणी वितळलं तर संपलं."

घरी येऊन त्याचा अर्थ लावत बसलो. मैद्याला पाणी मिळालं आणि वरून मळणं झालं की त्यातल्या प्रथिनांची जाळी तयार होते, ग्लुटेन. पोळीला ती पाहिजेच. पायच्या पारीला ती जेवढ्यास तेवढीच पाहिजे. लोणी थंड आणि तुकड्यातुकड्यानं राहिलं तर मैद्याच्या कणांना चरबीचं कवच बसतं, पाणी सगळीकडे पोचत नाही, जाळी अर्धवट राहते. आणि तेच तुकडे ओव्हनमध्ये वितळले की लोण्यातल्या पाण्याची वाफ होऊन पापुद्रे सुटतात. लोण्यात ऐंशी टक्के चरबी, बाकी बहुतेक पाणी. इतकी वर्षं साच्याच्या वाळूतल्या पाण्याला शिव्या घालण्यात गेली, त्याची वाफ कास्टिंग बिघडवते म्हणून. इथं ते पाणी कामाला येतंय.

रविवार, २९ डिसेंबर

ट्रायल २. सकाळी सहाला उठलो. बाहेर कडाक्याची थंडी, स्वयंपाकघरात २१ अंश. दुपारी तिथंच २८ होतात. लोणी तिशीच्या वर गेलं की हातात टिकत नाही, म्हणून हे काम सकाळीच.

लोण्याचे हरभऱ्याएवढे तुकडे करून अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवले. मैदाही फ्रीजमध्ये. मग बोटांच्या टोकांनी चुरलं, तळहात लावायचा नाही, तळहात गरम असतो. रव्यासारखा भुगा, मध्येमध्ये मटाराएवढे लोण्याचे गोळे राहिले तरी चालतात, राहिलेलेच बरे. बर्फाचं पाणी चमच्याचमच्यानं. मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. गोळा दिसायला इतका वाईट की पहिल्या ट्रायलचा तुकतुकीत गोळा आठवून वाईट वाटलं. चपटा करून, झाकून, तासभर फ्रीजमध्ये विश्रांती.

मीठ घातलं आणि मग लक्षात आलं की लोणी खारं होतं. खारट झालं. पुढच्या वेळी मीठ नाही.

निम्मा मैदा बाजूला काढून त्यात खारीवाल्यानं दिलेलं मार्जरीन घातलं. तुलना व्हायला पाहिजे ना. मार्जरीनची पारी लाटायला सोपी, हाताला चिकटत नाही, पापुद्रेही उंच. दिसण्यात तीच पहिली. पण खाल्ल्यावर टाळूला मेणासारखा थर बसतो, कारण ते तोंडातल्या उष्णतेला पुरतं वितळत नाही. लोणी वितळतं. हिनं डोळे मिटून दोन्ही खाल्ले आणि लोण्याकडं बोट केलं. विषय संपला.

झाकण १३० चं १२४ झालं. हे परवडतं. काठाबाहेर सात-आठ मिलिमीटर जास्तीचं सोडायचं, म्हणजे अलाउन्स.

शुक्रवार, ३ जानेवारी २०२५

डबा बदलायचा ठरवलं. स्टीलच्या चकचकीत डब्यात खालचं अस्तर पांढरंच राहतं. पाहिजे ते काळं, जाड, उष्णता धरून ठेवणारं भांडं. बिडाची वाटी. आणि फाउंड्रीवाल्यानं बिडाची वाटी बाजारातून आणायची म्हणजे शेतकऱ्यानं कोथिंबीर विकत घेण्यासारखं.

पॅटर्न शॉपमधल्या पोरानं सागवानात पॅटर्न करून दिला. आतून वरचा व्यास १२० मिमी, तळ ९५, खोली ४५, भिंत ४ मिमी. भिंतीला उतार आहेच, त्यामुळं वाळूतून पॅटर्न निघायला त्रास नाही आणि पुढं पायही उलटा करून काढता येईल. मोल्डिंगवर, म्हणजे वाळूचे साचे भरायला, आमचा जुना कानडी माणूस आहे. त्यानं पॅटर्न हातात फिरवून विचारलं, "येन री साहेबर, इडली पात्री येनु?" मी सांगितलं, तसलंच समजा. मग त्यानं विचारलं, कान कुठं आहेत? धरायचं कशाला? मी म्हटलं, कान नकोत. कान लावले की पार्टिंग, म्हणजे साच्याच्या दोन पेट्यांचा सांधा, अवघड होतं, वाटीला कपडा धरून उचलता येतं. तो काही बोलला नाही. न बोलण्याचीही एक पद्धत असते त्याची.

४ मिलिमीटरची भिंत म्हणजे बिडाला पातळच. धातू थंड असला तर वाटी पुरी भरत नाही, भरली तरी काठ पांढरा पडतो, काचेसारखा कडक. म्हणून लेडलमधला (ओतायच्या डोईतला) पहिलाच, गरम धातू घेतला, १४०० अंशांच्या आसपास. आणखी एक गोष्ट लिहून ठेवतो, कुणी हौसेनं करायला गेलं तर: भट्टीत कुठलं स्क्रॅप पडलंय हे ठाऊक नसेल तर त्या लोखंडात अन्न शिजवू नये. रंग लावलेलं, शिसं मिसळलेलं स्क्रॅप यातलं काहीही त्यात असू शकतं. आम्ही पिग आयर्न (भट्टीतलं कच्चं लोखंड) आणि आमचेच रनर-रायझर, म्हणजे ओतकामात वर उरलेले तुकडे, एवढंच टाकलं.

सहा ओतल्या.

रविवार, ५ जानेवारी

ट्रायल ३. पहिल्यांदा कोंबडी. वाट्या अजून तयार नाहीत, म्हणून ॲल्युमिनियमचे डबे.

रविवारपेठेतून भाजी आणली. या दिवसांत बेळगावच्या बाजारात गाजर-मटार बघत राहावं असं असतं. अर्धी गाडी चोर्ल्याच्या घाटातून गोव्याला जाते ती उगीच नाही. बटाटा आमच्याच तालुक्यातला, लाल मातीचा. कोंबडी ब्रॉयलर, हाडासकट लेग. गावठी आणायची फार इच्छा होती, पण तिला शिजायला दीड तास आणि चव एवढी पुढं येते की दुधाचा रस्सा मागं पडतो. गावठीला आपला सुका मसालाच बरा.

लेग, एक कांदा, चार मिरे, तमालपत्र, पाणी. मंद आचेवर चाळीस मिनिटं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे, त्यामुळं इथं पाणी साडेसत्त्याण्णवच्या आसपास उकळतं. पुस्तकी वेळेवर पाच मिनिटं जास्त धरायची. मांसात आतपर्यंत ७४ अंश झाले की सुरक्षित, पण लेगचं मांस तिथं अजून हाडाला धरून असतं. ८५ ला गेलं की आपोआप सुटतं. थर्मोकपल धुऊन वापरला, हिची खात्री होईपर्यंत तीनदा धुतला.

या पायमध्ये ते लोक थाईम नावाचा पाला घालतात. इथं मिळेल असं वाटलं नाही. पण थाईमचा वास ज्या द्रव्याचा, त्या थायमॉलचाच आपला ओवा. म्हणून पाव चमचा ओवा हातावर चोळून टाकला. जास्त टाकला तर पोटदुखीचं औषध होतं, एवढं लक्षात ठेवायचं.

रस्सा: लोण्यात मैदा परतायचा, त्यात कोंबडीचं पाणी आणि दूध. मी ५०० मिलीला २० ग्रॅम मैदा घेतला. पातेल्यात बरा दाट वाटला. गरमागरम डब्यात ओतला, वर झाकण ठेवलं, ओव्हनमध्ये सारलं.

दहा मिनिटांनी झाकण रश्श्यात बुडालं. कारण सोपं आहे, मला ओततानाच कळायला पाहिजे होतं. गरम रश्श्याच्या वाफेनं झाकणातलं लोणी भाजण्याआधीच वितळलं, मैद्याला उभं राहायला आधारच उरला नाही. वर गाजर आणि बटाट्यानं सोडलेलं पाणी. शेवटी आम्ही ते चमच्यानं वाटीत घेऊन, भाकरी चुरून खाल्लं. चव चांगली होती. जेवण झालं, ट्रायल फेल.

बुधवार, ८ जानेवारी

शेकआऊट झालं, म्हणजे वाळू फोडून वाट्या काढल्या. सहापैकी चार वाट्या चांगल्या. एकीच्या तळाला ब्लो होल (वायूनं पडलेलं भोक), एक काठाला अपुरी. चारच पाहिजे होत्या, पण दोन रिजेक्शनचं वाईट वाटलंच. एकेक वाटी ७२० ग्रॅमच्या आसपास.

आतून घासून गुळगुळीत केल्या, धुतल्या, लगेच गॅसवर वाळवल्या. मग जवसाचं तेल. अगदी पातळ हात, लावल्यावर पुसून टाकायचं, जणू चुकून लागलं होतं. तासभर २२० ला. असे चार हात. तेल जाड राहिलं तर चिकट डिंक होतो. दुसऱ्या वाटीचं तसं झालं, ती परत घासली. घरभर जळक्या जवसाचा वास. शेजारच्या काकू विचारायला आल्या, चटणी करपली का म्हणून.

रविवार, १२ जानेवारी

ट्रायल ४. मैदा ४५ ग्रॅम, लोणी ४५, द्रव ५००. मैदा-लोणी मंद आचेवर तीन-चार मिनिटं परतायचं, कच्चा वास जाईपर्यंत, पण रंग बदलू द्यायचा नाही. मी घाईनं सगळं दूध एकदम ओतलं आणि गुठळ्या झाल्या. हिनं पातेलं माझ्या हातातून घेतलं. "पिठल्याला करता तसं करायलाय तुम्ही. सरका." थोडं थोडं, प्रत्येक वेळी पूर्ण मिसळल्यावरच पुढचं. गुठळी नाही एक.

गाजर-बटाटा आधी वाफवून, निथळून घेतले. मटार कच्चेच. सगळं मिसळून, ताटात पसरून थंड केलं आणि मग फ्रीजमध्ये. कोंबडीच्या पाण्यात हाडातलं जिलेटिन उतरलेलं असतं, त्यामुळं दोन तासांनी मिश्रण थिजून वडीसारखं कापता येईल असं झालं. आता हा खरा कोअर! मोल्डमध्ये ठेवायचा, तो आपला आकार धरून बसतो.

अस्तर, मिश्रण, काठाला पाणी, झाकण, वर अंडं. मार्गशीर्षात दूध लावत होतो, त्यापेक्षा अंड्याचा रंग फारच देखणा. काठ हिनं मुरडला, दिवाळीच्या करंजीला घालते तीच मुरड. लेकीनं फोटो बघून विचारलं की हे डिझाइन कुठून शिकलात.

पंचविसाव्या मिनिटाला ओव्हनमधून 'फट्' असा आवाज. एका पायचं झाकण एका बाजूनं फाटलं आणि पांढरा रस्सा उकळत हीटरवर पडायला लागला.

कपाळावर हात मारून घेतला. व्हेंट! मोल्डला व्हेंट न देता धातू ओतला म्हणून मी माणसांना ओरडलेलो आहे. सळी घेऊन, वाळूत भोकं पाड, वायूला वाट दे, हे वाक्य मी किती वेळा बोललो असेन त्याला हिशेब नाही. आणि स्वतः वाफेनं भरलेल्या भांड्यावर बिनभोकाचं झाकण ठेवून, काठ मुरडून, बंद केला.

उरलेले तीन सुरीनं टोचून वाचवले. पण तळ? पांढराच. बीड आणलं तरी पांढराच. थर्मोकपल तळाला लावून बघितलं: ओव्हन २०० ला असून चाळीस मिनिटांनंतर वाटीचा तळ १३० च्या आसपास. ७२० ग्रॅम बीड, तेही फ्रीजमधून काढलेलं, वर थंड मिश्रण. तापायला वेळ लागणारच. उष्णता धरून ठेवणारं भांडं ती आधी खातंही, हे मला कुणी सांगायला नको होतं.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. तीळगूळ घ्या. काम बंद. हिच्या मैत्रिणींना हळदीकुंकवाला वाण म्हणून बिडाच्या वाट्या देऊ का, असं विचारून बघितलं. उत्तर लिहीत नाही.

रविवार, १९ जानेवारी

ट्रायल ५. भाकरीचा जाड तवा ओव्हनच्या खालच्या जाळीवर, आतून २२० होऊन वीस मिनिटं तापू दिला. तापलेल्या तव्यावर थंड वाट्या. वाटी आधी तापवून चालणार नाही, अस्तर लावतानाच लोणी वितळेल. तवा तापवायचा, वाटी नाही. खालचा हीटर चालू, वरचा पहिली पंधरा मिनिटं बंद. मग दोन्ही, १९० ला, तीस मिनिटं.

झाकणाला मध्ये बोटाएवढं गोल भोक आणि भोवती चार चिरा. मधल्या भोकातून रस्सा बुडबुडताना दिसला की आतलं गरम झालं, म्हणजे ते निरीक्षणाचंही भोक.

अठराव्या मिनिटाला लाईट गेली. तापलेला तवा आणि तीन किलोभर बीड आत होतं, ओव्हन उघडला नाही. बावीस मिनिटांनी लाईट आली तेव्हा आतलं तापमान १४० वर होतं. पुढं चालू ठेवलं. हाच प्रकार स्टीलच्या डब्यात झाला असता तर लापशी झाली असती.

वाटी उलटी करून पाय बाहेर काढला. भिंतीच्या उतारानं, म्हणजे ड्राफ्टनं, काम केलं, अलगद सुटला. तळ तांबूस. बोटानं टिचकी मारली तर कोरडा, भरीव आवाज. चांगलं कास्टिंग असंच वाजतं. मी हिला दोनदा वाजवून दाखवलं.

एक पाय सोमवारी कारखान्यात नेणार आहे, मोल्डिंगवाल्याला. नको, तो सोमवार पाळतो, मांस खात नाही. मंगळवारी.

बुधवार, २२ जानेवारी

ट्रायल ६, एकच वाटी. काल मोल्डिंगवाल्यानं डब्यातला पाय थंडच खाल्ला आणि म्हणाला, "भाळ चलो आगेत्री," म्हणजे फार छान झालंय. आणि लगेच, खारा आहे पण तिखट नाही. त्याचं खरं आहे. आज मिश्रणात मिरेपूड दुप्पट, आणि बारीक चिरलेली एक हिरवी मिरची लोण्यात परतून. हिचं मत, मिरची बरोबर. माझं मत, लेकीला मूळची चव पाहिजे, मिरची म्हणजे फेरफार. दोन वाट्या अशा, दोन तशा, यावर तह झाला. खूण म्हणून मिरचीवाल्यांच्या झाकणाला पाच चिरा.

शनिवार, २५ जानेवारी

गाडी वेळेवर आली. आज शनिवार, घरात वरण-भात, वांग्याची भाजी. संध्याकाळी पारीचा गोळा केला, फ्रीजमध्ये. मिश्रण उद्या पहाटे. लेकीला वाट्या दाखवल्या. तिनं दोन्ही हातांनी उचलून बघितली आणि म्हणाली, "पप्पा, तिथं हे ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये मिळायचं. खाऊन झालं की कचऱ्यात." मग वाटीवर बोट फिरवत म्हणाली, "कान नाहीत याला?"

रविवार, २६ जानेवारी

ट्रायल ७. झेंडावंदन करून आलो तोवर नऊ. तवा तापायला ठेवला. चार वाट्या, पंचेचाळीस मिनिटं, लाईट गेली नाही.

काढल्यावर पंधरा मिनिटं टेकू द्यायचा. रस्सा थोडा आळतो, नाहीतर पहिल्याच घासाला जीभ भाजते. जावयांना हे सांगितलं होतं. ते भिडस्त, ऐकतात. लेक ऐकत नाही. झाकण फोडलं, वाफ तोंडावर घेतली, हाश्शहुश्श करत पहिला घास खाल्ला.

"तसाच आहे?" मी.

"नाही."

हिनं माझ्याकडं बघितलं.

"तिथला रस्सा गोंदासारखा असायचा पप्पा, आणि चिकनचे तुकडे मोजून चार. तळ तर कायम ओला. मी तो ओला तळच चमच्यानं खरवडून खायची शेवटी." मग वाटी फिरवून तळाकडं बघत म्हणाली, "हा ओला करता येणार नाही का थोडा?"

पाच आठवडे तळ कोरडा करण्यात गेले. जावई खाली बघून हसले. त्यांनी पाच चिरांचा घेतला होता, आणि पुन्हा पाच चिरांचाच मागितला. लेकीनं आपला संपवला, मग आईच्या वाटीतलं झाकण काढून घेतलं, त्याच्यावर खर्डा लावून खाल्लं.

तिच्यासाठी म्हणून सांगतो, ओला तळ करणं सगळ्यात सोपं आहे. तवा तापवायचा नाही, बस. पुढच्या खेपेला तिची एक वाटी तशीच ठेवीन. ट्रायल १ पासून सगळं लिहून ठेवलंय, चूक कशी करायची ते पानावर सापडेल.

सोमवार, २७ जानेवारी

वाट्या गरम पाण्यानं, काथ्यानं घासल्या. साबण नाही. गॅसवर वाळवून तेलाचा हात.

काल दुसरी वाटी काढताना कपडा सरकला. उजव्या अंगठ्याला फोड आहे, लिहायला त्रास होतोय. पॅटर्न शॉपला सांगणे: दोन्ही बाजूंना कान, ३५ मिमी रुंद, काठाच्याच पातळीत, म्हणजे पार्टिंग तिथंच येईल. आतल्या तळाच्या कोपऱ्याला रेडियस (गोलाई) ६ ऐवजी १० मिमी, अस्तर तिथं फाटतं. आणखी सहा ओतायच्या. मोल्डिंगवाल्याला कान मी स्वतः दाखवणार नाही, पॅटर्न नुसता टेबलावर ठेवून येईन.